हलव्याचे दागिने घेऊन सांगलीला

हलव्याच्या दागिन्यांचा धंदा वर्षातून जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. त्यातही संक्रांतीच्या आधीचा शनिवार-रविवार हाच खरा. त्याआधी येणारं गिऱ्हाईक फोटो काढून 'मिस्टरांना विचारून सांगते' म्हणत जातं आणि त्यानंतर येणारं इतक्या घाईत असतं की बाळाच्या मापाचा मुकुट नसला तर मोठ्याचाच उचलतं. एरवी हे दोन दिवस मी चिंचवडमध्येच टेबल लावते. यंदा मावशीचा फोन आला. "विश्रामबागला एका कार्यालयात बायकांचं हस्तकलेचं प्रदर्शन आहे, टेबलं शिल्लक आहेत म्हणे. ये की इकडं. राहायला घर आहे, डबा मी देते."

सातवीपर्यंत मी सांगलीत वाढले. आजोळही तिथलंच, गावभागातलं. वडिलांची बदली झाल्यावर सुट्टीपुरतं जाणं राहिलं, मग लग्नामुंजीपुरतं, आणि आजी गेल्यावर तेही सुटलं. आपल्याच गावात पाहुणी म्हणून जाणं सोपं असतं. विकायला बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. ओळखीची माणसं आली तर भाव सांगायचा कसा, हा प्रश्न मला मालाच्या बांधाबांधीपेक्षा जास्त छळत होता.

शुक्रवार

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. हलव्याचे दागिने बुटांच्या खोक्यांत, बटर पेपरच्या घड्यांत ठेवून सगळी खोकी मांडीवर घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत हलवा कधीही बांधू नये, आतल्या आत घाम येतो आणि दाणे चिकट होतात. खोक्यात तांदळाची छोटी पुरचुंडी टाकली की बरं पडतं. पितळी मण्यांच्या ठुशा, चिंचपेट्या, नथी आणि खणाच्या कापडाचे गळ्यातले असा बारमाही माल मात्र निर्धास्तपणे डिकीत टाकला.

पेठ नाक्याला बस महामार्ग सोडून आत वळली आणि ऊस सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर छपराएवढा रचलेला ऊस, आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जावीत अशी गाणी. एका ट्रॅक्टरच्या मागे आमची बस बराच वेळ रांगली. मधेच मळीचा तो आंबूस वास आला. कुणाला नकोसा वाटेल, पण मी खिडकी आणखी उघडली आणि मागच्या काकांनी "ओ ताई, गारठा येतोय" म्हणून ती बंद करायला लावली.

मावशीच्या दारातून आत जाताना डाव्या हाताला भिंतीवर एक आडवी रेघ आहे. माझ्या डोक्याच्या बरीच वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाची. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नंतर घराला दोनदा रंग दिला, पण रंगाऱ्याला मावशीनं ती रेघ पुसू दिली नाही. "पाणी आलं की लोक विचारतात, मागच्या खेपेला कुठपर्यंत होतं? मग मी काय हातानं दाखवत बसू?" तिच्याकडे आता किमती वस्तू सगळ्या माळ्यावर. तिथून तिनं आजीची पितळी परात काढून ठेवली होती, मी येणार म्हणून. पुरात ती परात दोन दिवस घरातल्या घरात तरंगत होती, असं मावशी सांगते. मला शंका आहे, पितळ ते.

जेवायला कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि ज्वारीची भाकरी. या वांग्यांची साल इतकी कोवळी की भाजीत ती वेगळी लागतच नाही. चिंचवडच्या भाजीवाल्याला हे कितीही समजावून सांगितलं तरी तो हातात जांभळी वांगीच ठेवतो.

संध्याकाळी कार्यालयात जाऊन टेबल लावलं. प्रदर्शनात नव्यानं बसणाऱ्यांसाठी सांगते: स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड आणि पिवळ्या प्रकाशाचे दोन बल्ब न्यावेत. कार्यालयांतल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पितळ आजारी दिसतं. हलव्याखाली काळं कापडच हवं, मखमल असेल तर उत्तम. टेबल मिळालंच तर दाराच्या लगेच आतलं घेऊ नये; आत येणारे लोक तिथं थांबत नाहीत, सगळं बघून परत येतो म्हणतात. मला खिडकीजवळचं कोपऱ्यातलं मिळालं आणि मी खूश झाले.

समोरच्या दोन टेबलांवर मात्र मुंबईच्या घाऊक बाजारातून आणलेले मशीनचे झुमके ढिगानं मांडलेले. वर पाटी 'हस्तकला'. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, त्यांनी दोन टेबलांचं भाडं भरलंय." यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. पण मग हाताच्या कामाचं प्रदर्शन म्हणून जाहिरात करू नये, एवढंच.

रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात उरलेले मुकुट पुरे करत बसले आणि परात समोरच होती. आजी हलवा घरी करायची. मी करत नाही, विकत आणते. त्याला लागणारा वेळ माझ्याकडे नाही आणि धीर तर त्याहून नाही. पहाटेच्या थंडीत, मंद शेगडीवर ही परात. त्यात तीळ नाहीतर खसखस. वाटीत साखरेचा पाक. एक चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं, ते कोरडे होईपर्यंत. मग पुन्हा चमचा. हे दिवसेंदिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यावर काटा दिसू लागतो. आच वाढली की पाक पिवळा पडतो, हात थांबला की दाणे एकमेकांना धरून बसतात, आणि ढगाळ हवा आली की काटा येतच नाही. आजीची बोटं त्या दिवसांत टोकाशी लालभडक असायची. आम्हाला परातीला हात लावायची परवानगी नव्हती; शेजारी बसून तिला गोष्ट वाचून दाखवायचं काम होतं. परातीच्या कडेला, आतल्या बाजूला, तिच्या बोटांनी एक गुळगुळीत पट्टा पडला आहे. उजेडात धरली की दिसतो.

शनिवार

सकाळी दहाला कार्यालयात पोचले तर खिडकीच्या चौकटीतून माझ्या टेबलापर्यंत मुंग्यांची रांग. खिडकीजवळची जागा का शिल्लक होती ते कळलं. रात्री खोक्यांवर झाकण होतं, पण जावयाच्या सेटमधला हार मी मांडून गेले होते. बारीक लाल मुंग्या हाराच्या पदकात शिरून बसलेल्या. लक्ष्मणरेषा आणायला कुणाला पाठवावं या विचारात होते तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या काकू उठल्या. तासगावच्या. बेदाणे, हळद आणि चटण्या घेऊन आलेल्या. त्यांनी स्वतःच्या विक्रीच्या पाकिटांपैकी एक फोडलं आणि टेबलाच्या चारी पायांभोवती हळदीची जाड रेघ ओढली. "सांगलीत येऊन खडू कशाला शोधताय? इथं हळदीला काय कमी हाय?" खिडकीच्या चौकटीतही चिमूटभर दाबली. अर्ध्या तासात रांग मोडली. पाकिटाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या नातीला एक नथ दिली तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला असं दोघींनी ठरवलं. (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदपत्रांत मुंग्यांचा उल्लेख असेल असं वाटत नाही.)

भवानी झाली ती कॉलेजच्या एका मुलीकडून. चापाची नथ, दीडशे रुपये. तिनं ती नाकाला लावून आरशात बघितली, मग काढून उलटी केली आणि तार कशी वळवली आहे ते नखानं तपासलं. मला गंमत वाटली. पण मग पुढचं गिऱ्हाईकही तेच करायला लागलं, त्याच्या पुढचंही. चिंचवडमध्ये लोक दागिना गळ्याला लावून मोबाईलमध्ये बघतात. इथं आधी पालथा घालतात. दोरी ओढून बघतात, गोंडा दाबून बघतात, हुकाची कडी दोन बोटांत फिरवतात. ठुशी पुढून कशी दिसते याबद्दल दिवसभरात मला फार कुणी काही म्हणालंच नाही.

दुपारी एक आजी आल्या, सुनेला आणि सात-आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन. बोरन्हाणासाठी बाळाचा सेट हवा होता: मुकुट, कंठी, बाजूबंद, बासरी. त्यांनी मुकुट हातात घेऊन थेट विचारलं,

"चिकटवलंय काय बांधलंय?"

"बांधलंय, आजी."

"सगळं?"

"पुठ्ठ्यावरची जर चिकटवलीय. हलवा एकेक दाणा बांधलाय."

त्यांनी चष्मा वर केला, मुकुट उलटा केला आणि मागच्या गाठी बघितल्या. दुहेरी दोऱ्याच्या फासात दाणा धरायचा, फास आवळायचा, मागे गाठ. एका मुकुटाला दोन-अडीच तास जातात. गोंदानं चिकटवला तर वीस मिनिटांत होतो आणि लांबून फरकही कळत नाही. "पोरं तोंडात घालतात गं," आजी सुनेला म्हणाल्या. "कुरमुरे, बोरं डोक्यावरनं ओतली की ह्यांचं लक्ष पहिलं बासरीकडं. चोखून चोखून गोंद पोटात जायचा." मग माझ्याकडे वळून, "कितीला?" साडेचारशे म्हटलं. "चारशे कर की." केले. त्या गाठी बघणारं माणूस भेटलं यातच माझे पन्नास वसूल झाले होते, पण हे त्यांना सांगितलं असतं तर आणखी पन्नास गेले असते.

एवढ्यावरून एक सूचना: बाळासाठी हलव्याचे दागिने कुणाकडूनही घ्या, पण बांधलेले घ्या. आणि मोत्यांऐवजी हलवाच जास्त आहे ना ते बघा. हल्ली अर्धा दागिना प्लास्टिकच्या मोत्यांचा असतो. बाळाच्या घशात मोती अडकायची भीती खरी असते.

वाणासाठी चौकशा सुरू झाल्या त्या चारनंतर. हळदीकुंकवाला लुटायला प्रत्येकी वीस-तीस रुपयांत बसेल असं काहीतरी, आणि नग पंचवीसच्या पटीत. मी खणाच्या उरलेल्या चिंध्यांची कानातली त्याच हिशेबानं करून नेली होती, ती रात्रीपर्यंत जवळपास संपली. प्रदर्शनाचं भाडं सुटतं ते या मालावर. मोठ्या सेटांनी फक्त नाव होतं.

साडेआठला दिवे गेले. जनरेटर आहे असं पत्रकावर होतं. प्रत्यक्षात तो होता, डिझेल नव्हतं. सगळ्या बायकांनी मोबाईलचे टॉर्च लावले आणि गंमत म्हणजे त्या अंधारात हलवा इतका चमकला की दोन सेट गेले.

घरी जाताना मावसभावानं स्कूटर भेळेच्या गाड्यावर थांबवली. भडंग घरी नेण्यासाठी वेगळं बांधून घेतलं. भडंगाचे मुरमुरे जाड असतात, लसणाचे तळलेले तुकडे खाली बसतात आणि ते कुणाच्या वाट्याला यायचे यावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत. लहानपणी हरलेली ती भांडणं मी त्या रात्री एकटीनं जिंकली. पुडा माझ्याच खोलीत ठेवला.

रविवार

मावशी म्हणाली, दिवसभर टेबलामागे बसणार आहेस, सकाळी जरा हरिपूरला जाऊन या. साडेसहाला निघालो. हातमोजे नव्हते म्हणून मी हात भावाच्या जॅकेटच्या खिशात कोंबले. सांगलीची जानेवारीतली थंडी कोरडी असते, पण नदीकाठच्या रस्त्यावर धुकं उतरलेलं. चिंचेची झाडं एकेक करून पुढे येत होती आणि मागे जात होती.

हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. काठावर संगमेश्वराचं देऊळ, श्रावणातल्या सोमवारी इथं यात्रा भरते. आजीबरोबर त्या यात्रेत मी हरवले होते, म्हणजे घरच्यांच्या मते हरवले होते. मी पूर्ण वेळ बांगडीवाल्याच्या पथारीसमोर बसून होते आणि मला कुणी शोधतंय याची कल्पनाच नव्हती. त्या दिवशी सकाळी घाटावर आम्ही दोघं, एक कुत्रं आणि अंगावर ब्लँकेट घेऊन गळ टाकून बसलेला एक माणूस. दोन नद्यांची पाणी कुठं मिळतात ते धुक्यात दिसलं नाही. भाऊ म्हणाला, "असू दे, मिळाल्यात म्हणून सांग."

परतताना हळदीच्या पेवांच्या जागेवरून आलो. हरिपूरच्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवत, तोंड मातीनं लिंपून टाकत. इथल्या मातीत आत पाणी झिरपत नसे, कीड लागत नसे. आत उतरायच्या आधी पेव उघडून हवा खेळू द्यावी लागे, आत कंदील धरून बघत. विझला तर माणूस उतरवायचा नाही. लहानपणी आम्हाला भीती घालायला हे पेव पुरेसं होतं. २००५ आणि २०१९ च्या पुरात पाणी शिरून या पेवांचं फार नुकसान झालं. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत जाते. आम्ही थांबलो त्या जागी गवत वाढलेलं होतं आणि एक म्हैस बांधलेली होती.

रविवारची गर्दी मात्र विचारू नका. अकरापासून रात्री नऊपर्यंत मी डबा उघडला नाही. तासगावच्या काकूंनी भाकरीत ठेचा घालून गुंडाळी माझ्या हातात दिली, ती एका हातानं खात दुसऱ्या हातानं सुट्टे देत होते. ऑनलाइन पैसे सगळेच देतात, पण कार्यालयाच्या आतल्या भागात रेंज नव्हती. लोक पैसे पाठवायला दारापर्यंत जायचे आणि तिथून हात करायचे. अशा ठिकाणी निदान दोन हजारांचे सुट्टे जवळ ठेवावेत.

जावयाच्या सेटला हल्ली हार, नारळ आणि गुलाबाचं फूल पुरत नाही. घड्याळ लागतं, मोबाईल लागतो. एका सासूबाईंनी विचारलं, "हलव्याचा लॅपटॉप होईल का? आमचे जावई घरनंच काम करतात." मी नाही म्हटलं, आणि तेव्हापासून तो कसा करता येईल याचाच विचार करते आहे. बिजागरी हा प्रश्न आहे.

तीनच्या सुमाराला एक मध्यमवयीन बाई आल्या. इरकली लुगडं, गळ्यात भरगच्च सोनं, आणि फोनवर कुणाशी तरी तमिळमध्ये बोलत होत्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "दावा बघू ती ठुशी." विट्याच्या. नवऱ्याचा कोईमतूरला गलाईचा धंदा, सासऱ्यांपासूनचा. पुतण्याच्या लग्नाला गावी आलेल्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या असं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. जुना दागिना आटवायचा, तेजाबानं त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं, शुद्ध सोनं सराफाला परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ही माणसं विकत घेतात आणि त्यातून कण काढतात.

त्यांनी ठुशी पालथी केली.

"पितळ हाय न्हवं?"

"पितळच. वर पॉलिश."

"खरं सांगितलंसा, बरं केलं." मग मागच्या कड्यांवर बोट ठेवून, "डाक कुणी लावला?"

डाक म्हणजे धातू वितळवून दिलेला जोड. मी म्हटलं, डाक नाही, कडी वळवून बसवली आहे. यावर त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, दागिना पुढनं कुणीही चांगला करतो. आटवायला आला की मागचा डाकच सगळं सांगतो. हलक्या सोन्याचा डाक जितका जास्त, तितकी घट जास्त. गिऱ्हाईक भांडतं, बावीस कॅरेटचा घेतला होता म्हणतं, आणि मुशीतनं निघतं कमी. "म्हणून आमच्यात पोरगी बघायला आल्यावर पण दागिना पाठीमागनं बघत्यात." हे खरं की माझी फिरकी, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी ठुशी घेतली, एक चिंचपेटी घेतली, आणि घासाघीस अजिबात केली नाही. जाताना कोईमतूरचा पत्ता लिहून दिला. तिथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला पुढच्या वर्षी वाण पाठवायचं आहे, कुरियरचा खर्च त्यांचा.

ओळखीचं कुणी येईल ही जी धास्ती होती, ती संध्याकाळी खरी झाली. वर्गातली एक मैत्रीण, तिची आई आणि दोन जावा. मला वाटलं आता सगळं फुकट वाटावं लागणार. झालं उलटंच. तिच्या आईनं प्रत्येक वस्तूचा पुरा भाव मोजून दिला आणि बाकीच्यांना दटावलं, "तिच्या आजीनं मला कधी एक पैसा सोडला नाही हलव्यात, हिला कशाला कमी देताय?" आजी हलवा विकायची हे मला माहीतच नव्हतं. मी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, "मग तुला काय वाटलं, एवढा परातभर आपण खात होतो?"

नऊला टेबल आवरलं तेव्हा हलव्यातलं काही उरलं नव्हतं, मुंग्यांनी पोखरलेल्या हाराचं पदक आणि एक जरा कलता मुकुट सोडून.

सोमवार

बस दुपारची, म्हणून सकाळी सराफ कट्टा. सांगलीची सराफी जुनी. १८३२ मध्ये गाडगीळांची पेढी सुरू झाली ती याच गावात. मला मात्र सोनं बघायचं नव्हतं, पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणारे कारागीर, शोधायचे होते. आजीचं मंगळसूत्र आणि बोरमाळ वर्षाआड गाठवायला इथं यायची. पटवेकऱ्याच्या हातात देताना मणी मोजून द्यायचे, घेताना मोजून घ्यायचे, आणि मधल्या वेळात तिथून हलायचं नाही, कितीही ओळख असली तरी. त्यामुळे मलाही पायरीवर बसून राहावं लागे. ते पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा पीळ अडकवत, दोन्ही हातांनी ताणून जर गुंडाळत, आणि दाताशी नेऊन दोरा तोडत.

ती पायरी होती तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. पण दोन दुकानं सोडून आत, एका सराफाच्या ओट्यावर, त्यांचा मुलगा सापडला. मुलगा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. पुढ्यात लाकडी फळी आणि तिला ठोकलेला लोखंडी आकडा. "अंगठ्याला लावून बसायला मांडी लागते. माझे गुडघे गेलेत," ते म्हणाले. कामं बरीचशी सराफांकडूनच येतात. पायरीवर बसून राहणारं गिऱ्हाईक आता नाही. लोक ठेवून जातात, संध्याकाळी फोटो मागवतात.

मी पर्समधून माझीच एक चिंचपेटी काढून दाखवली. त्यांनी अर्थातच उलटी केली. दोरीची सरकती गाठ पुढे-मागे करून बघितली.

"गाठ कुठं शिकला?"

"यूट्यूबवर."

"अंहं. ही आमच्याकडची गाठ आहे. यूट्यूबवाले दोन वेढे देतात, तुम्ही तीन दिलेत."

मी व्हिडिओ परत लावून बघितला, तिथंच, त्यांच्यासमोर. दोनच वेढे होते.

त्यांनी मग गोंड्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या, त्या इच्छुकांसाठी लिहून ठेवते. नायलॉनचा दोरा टोकाला जाळून बंद करता येतो, पण तो घामानं मानेला रुततो. रेशीम जळून चिकटत नाही, त्याला टोक आत वळवून शिवावं लागतं. वेळ जातो पण मानेवर मऊ राहतं. जर गुंडाळताना दोरा ओला ठेवला की सैल पडत नाही. आणि रोज वापरायचा दागिना वर्षा-दीड वर्षानं गाठवून घ्यावा, तुटायची वाट बघू नये. पैसे विचारले तर "शिकवण्याचे नसतात" म्हणाले आणि माझ्याकडून रेशमाच्या चार लडी मात्र रोखीनं विकत घ्यायला लावल्या.

गणपतीचं दर्शन घेतलं. काळ्या दगडाचं हे देऊळ पटवर्धनांनी नदीकाठी बांधलं. लहानपणी आमच्यासाठी देवापेक्षा देवळाचा हत्ती मोठा होता, त्याला केळं द्यायला म्हणून आम्ही चतुर्थी लक्षात ठेवायचो. आता हत्ती नाही. पोरांना मोबाईलमध्ये त्याचा फोटो दाखवणारे एक आजोबा आवारात दिसले. गणपती पेठेत हळद घेतली, कुटलेली नाही, अख्खी हळकुंडं. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण जुनी मुरलेली असते म्हणून मावशीला तीच पसंत. तासगावच्या काकूंचे बेदाणे आधीच बॅगेत होते. परात मागितली. मावशीनं दिली नाही. "तू हलवा विकत आणतेस, तुला परात कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एसटीत शेजारी बसलेल्या बाई इस्लामपूरला जाणाऱ्या. हातातल्या खोक्यांची चौकशी झाली, झाकण उघडलं, आणि आष्टा यायच्या आत उरलेल्या नथींपैकी दोन गेल्या, अर्थात मागून बघून. हे सगळं तिकिटं फाडता फाडता कंडक्टर बघत होता. कराडला बस थांबली तेव्हा तो माझ्या सीटपाशी आला. "ताई, लहान पोराचं काही आहे का? भाचीचं बोरन्हाण आहे." कलता मुकुट तेवढा उरला होता. कलता आहे हे सांगून दाखवला. त्यानं तो स्वतःच्या टोपीवर ठेवून ड्रायव्हरला दाखवला, ड्रायव्हर म्हणाला, "बाळ कुठं सरळ बसतंय?" शंभर रुपयांत सौदा झाला. सगळ्या दहा-दहाच्या नोटा दिल्या त्यानं, चामड्याच्या पिशवीत हात घालून, मोजून.